माशांना विचारा



धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्पत्तीचा पहिला अध्याय घेतला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. आठवी-नववीतले एखादे मूल, बहुधा मागच्या बाकावरचे, जरा चाचरत विचारते, “टीचर, शाळेच्या पुस्तकात पृथ्वी कितीतरी कोटी वर्षांची आहे असं दिलंय. मग खरं काय मानायचं?” वर्ग एकदम शांत होतो. प्रश्न एकाचा असतो, पण उत्तराची वाट सगळेच पाहत असतात.

या प्रश्नाला आपण मोठी माणसे सहसा तीन उत्तरे देतो. कोणी म्हणतो, शाळेचे शाळेत ठेव, चर्चचे चर्चमध्ये. कोणी म्हणतो, ते दगडातले मासे आणि शिंपले नोहाच्या जलप्रलयात गाडले गेले, विषय संपला. आणि कोणी असेही सांगतो की आपल्या विश्वासाची परीक्षा पाहण्यासाठी देवानेच ते दगडात घडवून ठेवले. मूल मान हलवते आणि गप्प बसते, पण ते पटून गप्प बसलेले नसते. चार वर्षांनी कॉलेजात गेल्यावर ते रविवारच्या उपासनेला येईनासे होते, आणि आपण सगळा दोष मोबाइलला देऊन मोकळे होतो.

म्हणून आज एका मिशनऱ्याची गोष्ट सांगते. त्याने आपल्या मराठी मुलखात, नागपुरात, येशूची सुवार्ता सांगितली, शाळा काढली आणि त्याच हातांनी दगडातले प्राचीन जीव गोळा केले. आज दोन प्राचीन माशांच्या शास्त्रीय नावांत त्याचे नाव आहे. त्याचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप.

टाकळीचा माळ

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळे झाले. हिस्लॉप त्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून १८४४ मध्ये भारतात आले आणि पुढच्या वर्षी नागपूरला पोचले. नागपुरावर तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी मराठीचा अभ्यास केला आणि १८४६ मध्ये शाळा सुरू केली. पुढे त्यांच्या स्मरणार्थ १८८३ मध्ये उभे राहिलेले हिस्लॉप कॉलेज नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. आपल्या इंदुरातल्या कित्येक मराठी घरांचे सोयरे त्या कॉलेजात शिकलेले आहेत.

त्यांचे सहकारी होते रेव्हरंड रॉबर्ट हंटर. दोघांनाही निसर्गाची आवड. १८५१ मध्ये नागपूरच्या पश्चिमेला टाकळीच्या माळावर या दोघांना दगडात रुतलेले प्राचीन जीवांचे अवशेष दिसले. पाहता पाहता संग्रह वाढत गेला. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख, फळे, बिया, लाकूड, भुंग्यांच्या पंखांची कवचे, सगळे दगड झालेले. त्या दोघांनी हे सारे नीट नोंदवून नमुने लंडनला पाठवले, आणि १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला.

विचार करा, काय सापडले होते त्यांना? नागपूरच्या त्या कोरड्या माळावर एके काळी एक तळे होते. त्याच्या काठी झाडे होती, झाडांना फळे लागत होती, भुंगे उडत होते, पाण्यात गोगलगाई सरपटत होत्या. तळे गेले, झाडे गेली. पण तळ्याच्या गाळाने आपल्याकडे आलेले सगळे जपून ठेवले.

दोन कातळांच्या मधली वही

हे कसे घडले ते समजून घ्यायला इंदूरकरांना लांब जायची गरज नाही. आपल्या माळव्यात विहीर खणली की जो काळा कातळ लागतो, ज्याची झीज होऊन आपली काळी माती बनली, तो सारा दगड म्हणजे थंड होऊन घट्ट झालेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून हा लाव्हा बाहेर आला आणि दूरवर पसरला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि आपला माळवा त्यावरच वसला आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी २ किलोमीटरच्या आसपास भरते. शास्त्रज्ञ याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला, कारण हे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर आला, थंड झाला, आणि मग पुष्कळ काळ शांततेत गेला. पाऊस पडला, दगड झिजला, माती झाली, खोलगट जागी पाणी साचून तळी झाली. तळ्यांत जीव आले, काठावर झाडे वाढली. मग कधीतरी पुन्हा लाव्हा आला आणि तळ्यावर झाकण बसले. दोन कातळांच्या मध्ये अडकलेल्या या गाळाच्या थरांना आंतर-ट्रॅप थर म्हणतात. काही ठिकाणी ते हातभर जाडीचेही नाहीत. काळ्या दगडांच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये शिवलेली ही पातळ वहीच म्हणा ना.

मासा दगडात कसा जपला जातो? सहसा मासा मेला की त्याला इतर जीव खातात किंवा तो कुजून जातो. पण तळे शांत असेल, तळाशी प्राणवायू कमी असेल आणि बारीक गाळ वरून पडत असेल, तर मेलेला मासा त्या गाळाखाली झाकला जातो. मऊ भाग नाहीसा होतो. हाडे, दात, खवले उरतात. गाळावर गाळ चढतो, दाबाने तो घट्ट होतो. पाण्यात विरघळलेली खनिजे हाडांच्या बारीक बारीक पोकळ्यांत शिरून बसतात. लाव्ह्याच्या प्रदेशातल्या पाण्यात सिलिका भरपूर असते, म्हणून आपल्याकडचे पुष्कळ अवशेष गारेसारख्या कठीण दगडात सापडतात. वाहत्या नदीत असे सहज घडत नाही, ती सगळे मोडून तोडून पुढे नेते. तळे मात्र जे मिळेल ते जिथल्या तिथे ठेवते. म्हणून प्राचीन माशांचा शोध घेणारे लोक जुन्या तळ्यांच्या गाळाकडे वळतात.

मुंबईकरांनाही हा ठेवा लाभला आहे. वरळीच्या टेकडीखालच्या अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. लंडनचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले.

मासे आणि त्यांची नावे

आता माशांकडे येऊ. गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, सिरोंच्याजवळ, प्राणहिता नदीच्या काठी कोटा नावाचे लहानसे गाव आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता तिथून पुढे गोदावरीला मिळते. कोट्याच्या चुनखडीत पूर्ण मासे सापडले, खवल्यांसकट. ही चुनखडी एका फार जुन्या तळ्यात साचलेली. डेक्कन ट्रॅपच्याही किती आधीची! सुमारे १७-१८ कोटी वर्षांपूर्वीची. १८५१ मध्येच, म्हणजे टाकळीच्या शोधाच्याच वर्षी, कर्नल साइक्स यांनी तिथला एक मासा लंडनच्या त्याच संस्थेच्या त्रैमासिकातून जगापुढे आणला आणि सर फिलिप एगर्टन यांनी त्याचे वर्णन करून नाव ठेवले, लेपिडोटस डेक्कनेन्सिस. दख्खनचा मासा. मराठी मुलखाचे नाव अशा रीतीने माशाच्या अंगावर लागले.

नागपूरच्या दक्षिणेला, आजच्या तेलंगणात, मालेरी गाव आहे. तिथल्या तांबड्या मातीच्या थरांतून मिळालेले माशांचे दात भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यासमोर आले. हे दात सेराटोडस जातीच्या फुप्फुसमाशांचे, म्हणजे पाण्यात राहूनही हवा घेऊ शकणाऱ्या माशांचे होते. १८५९ मध्ये ओल्डहॅम यांनी त्यांतल्या तीन प्रकारांना नावे दिली. एक हंटेरियानस, रेव्हरंड हंटर यांच्यावरून. दुसरे हिस्लॉपियानस, रेव्हरंड हिस्लॉप यांच्यावरून. आणि तिसरे विरापा. हे तिसरे नाव विलायतेचे नाही. तेलुगू-कन्नड मुलखात उंबऱ्या-उंबऱ्यावर ऐकू येणाऱ्या नावासारखे ते आहे. दोन साहेबांच्या नावांशेजारी, त्याच ओळीत, त्याच मानाने हे नाव बसलेले पाहून मला फार बरे वाटते.

या माशांची एक गंमत पाहा. ओल्डहॅम यांनी नावे ठेवली तेव्हा या गोत्रातला मासा जिवंत असेल अशी कल्पनाही शास्त्रज्ञांना नव्हती. दगडातले दात तेवढे माहीत होते. मग १८७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नद्यांत राहणाऱ्या एका माशाचे वर्णन झाले आणि त्याचे दात पाहून सगळे चकित झाले. तोच वंश, अजून पोहतो आहे!

तिसरे ठिकाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातले डोंगरगाव. इथले थर लाव्ह्याच्या आगमनाच्या सुमारास साचलेले आहेत. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून त्यांना लमेटा थर म्हणतात. इथल्या माशांचे वर्णन लंडनचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत एक गार मासा आहे, लेपिसॉस्टियस इंडिकस. गार म्हणजे लांब चोचीचा, दातांनी भरलेला मासा. त्याचे खवले चौकटीच्या आकाराचे, चकचकीत आणि इतके कठीण की कौलांसारखे एकाला एक लागून बसतात. हे गार मासे आज फक्त उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्युबात आढळतात. भारतात एकही उरलेला नाही. पण डायनासोरांच्या काळी ते वरोऱ्याच्या तळ्यात शिकार करत होते. त्याच डोंगरगावच्या दुसऱ्या एका काटेरी परांच्या माशाला वुडवर्ड यांनी नाव दिले, इओसेरानस हिस्लॉपी. हिस्लॉप यांना जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

डोंगरगावाजवळच पिजदुरा आहे. तिथे डायनासोरांच्या काळातले दगड झालेले शेण मिळते. २००५ मध्ये लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण असल्याचे दाखवून दिले. डायनासोरांच्या काळी गवत होते की नाही, या वादाला त्या शेणाने उत्तर दिले. देवाच्या सृष्टीत टाकाऊ असे काही नाही, हे आपण नुसते म्हणतो. इथे शेणसुद्धा साक्षीला उभे राहिले.

जलप्रलयाचे काय?

मुले इथे विचारतात, आणि मोठेही विचारतात, की हे सगळे नोहाच्या जलप्रलयात घडले नसेल कशावरून?

तर दगडाकडेच पाहावे. एका मोठ्या पुराने सगळे एकदम वाहून आणले असते, तर समुद्रातले, नदीतले, जमिनीवरचे जीव एकमेकांत मिसळून गेले असते. नागपूरच्या या तळ्यांच्या थरांत मात्र गोड्या पाण्याचे शंख आणि काठावरची झाडे दिसतात. उलट आपल्या इंदूरच्या नैर्ऋत्येला, धार जिल्ह्यातल्या बाघच्या परिसरात, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र आत आला होता. तिथे कालवे, समुद्री अर्चिन आणि शार्कचे दात मिळतात. तळ्याचे तळ्यात, समुद्राचे समुद्रात. शिवाय तळ्याच्या थराखाली थंड झालेला लाव्हा आहे आणि वरही लाव्हा आहे. कित्येक ठिकाणी असे थर एकावर एक आहेत. सह्याद्रीच्या घाटातून जाताना काळ्या कड्यांच्या मधोमध तांबडे पट्टे दिसतात, तेही दोन लाव्ह्यांमधल्या काळात दगड झिजून तयार झालेले. झिजायला वेळ लागतो. झाडे वाढायला, तळे गाळाने भरायला वेळ लागतो. हा हिशोब एका वर्षाच्या पुरात बसत नाही.

मग उत्पत्तीचे पुस्तक खोटे ठरले का? मुळीच नाही. आपण त्याला जो प्रश्न विचारायचा नव्हता तो विचारत होतो, एवढेच. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळींची बेरीज करून जगाची निर्मिती ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाली असा हिशोब मांडला. पुढे तो आकडा अनेक इंग्रजी बायबलांच्या समासात छापला जाऊ लागला. समासातला आकडा आणि शास्त्राचे वचन यांत लोकांची गल्लत झाली. प्रत्यक्ष वचन वाचा. त्यात वर्ष नाही. त्यात हे जग कोणाचे आहे ते सांगितले आहे, आणि ते चांगले आहे हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पोप पायस बारावे यांनी १९४३ मध्ये पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांना हेच बजावले, की प्राचीन लेखकाने कोणत्या काळी, कोणत्या पद्धतीने लिहिले ते लक्षात घेऊन वाचा. त्याच्याही दीड हजार वर्षे आधी संत ऑगस्टीन यांनी इशारा दिला होता. सृष्टीच्या ज्या गोष्टी अविश्वासी माणसालाही अनुभवाने माहीत असतात, त्यांविषयी ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलला तर लोक हसतात, आणि मग पुनरुत्थानाविषयी तो सांगेल त्यावर कोण विश्वास ठेवील, असा त्यांचा सवाल होता.

आणि उत्पत्तीच्या त्याच अध्यायात एक गोष्ट आहे, जी माझ्याही नजरेतून पुष्कळ दिवस निसटत असे. बायबलमधला पहिला आशीर्वाद कोणाला मिळाला? आदामाला नाही. पाचव्या दिवशी, माणूस अजून घडायचा होता तेव्हा, देवाने पाण्यातल्या प्राण्यांना आणि पाखरांना आशीर्वाद दिला, फलद्रूप व्हा म्हणून. पहिला आशीर्वाद माशांचा! डोंगरगावच्या तळ्यातला तो गार मासा, कोट्याच्या चुनखडीतला तो दख्खनचा मासा, यांना पाहायला माणूस नव्हता. त्यांना जाळ्यात धरणारा, बाजारात विकणारा, कोणी कोणी नव्हते. कोट्यवधी वर्षे ते त्या आशीर्वादाखाली जगले, आणि त्यांच्याकडे पाहणारा फक्त देव होता. हे कळल्यावर माझी देवाविषयीची कल्पना लहान झाली नाही, फार मोठी झाली.

हातोडी आणि बायबल

हिस्लॉप हे एकटे नव्हते. त्यांच्याच फ्री चर्चची बाजू मांडणाऱ्या ‘द विटनेस’ या वर्तमानपत्राचे संपादक होते ह्यू मिलर. मुळात पाथरवट. क्रोमार्टी गावच्या खाणीत दगड फोडता फोडता त्यांना प्राचीन जीवांचा छंद लागला. उत्तर स्कॉटलंडमध्ये सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी एक अफाट सरोवर होते, आज त्याला ऑर्केडी सरोवर म्हणतात. त्याच्या गाळातल्या चिलखती माशांवर मिलर यांनी १८४१ मध्ये पुस्तक लिहिले, आणि ते साध्या विश्वासणाऱ्यांनी घरोघरी वाचले. एका पाथरवटाने आपल्या चर्चला सांगितले की पृथ्वी फार जुनी आहे आणि तिचा निर्माता तोच आहे ज्याला आपण बाप म्हणतो.

आपल्या कॅथलिक परंपरेतही असा माणूस आहे, आणि त्याची सुरुवातही माशापासूनच झाली. १६६६ मध्ये इटलीतल्या लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचे डोके तपासायला फ्लॉरेन्समध्ये नील्स स्टेन्सन या डॅनिश वैद्याकडे आले. ज्यांना लोक ‘जिभेचे दगड’ म्हणून ताईत करून घालत, ते दगड म्हणजे प्राचीन शार्कचे दात आहेत, हे त्याने ओळखले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा भूगर्भशास्त्राचा मूळ नियम त्याने १६६९ मध्ये मांडला. दरम्यान १६६७ मध्ये तो कॅथलिक झाला होता. पुढे धर्मगुरू झाला, बिशप झाला, गरिबीत राहिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. ज्याने आपल्याला दगडाचे थर वाचायला शिकवले त्याची आपण वेदीजवळ आठवण करतो. मग त्या थरांना भ्यायचे कशाला?

हिस्लॉप यांचे निष्कर्ष पुढे सगळेच टिकले असे नाही. टाकळीचे थर त्यांनी डायनासोरांच्या नंतरच्या, तृतीय म्हटल्या जाणाऱ्या कालखंडात घातले होते. १८६० च्या त्यांच्या निबंधाच्या मथळ्यातच तसे आहे. आज हे थर त्या सीमेच्या आसपासचे, आणि पुष्कळसे तिच्या आधीचे मानले जातात. पण त्यांनी नमुने जपले, ठिकाणे लिहून ठेवली, जे दिसले ते मांडले. म्हणूनच नंतरच्या लोकांना दुरुस्ती करता आली. प्रामाणिक माणसाची चूकही दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

त्यांचे लक्ष केवळ दगडांकडे नव्हते. गोंड लोकांमध्ये हिंडून त्यांनी त्यांची भाषा, चालीरीती आणि लिंगोचे गीत लिहून घेतले. ते कागद सर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. पण तो ग्रंथ पाहायला हिस्लॉप हयात नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टेम्पल यांच्यासोबत नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. परत येताना बाकीची मंडळी पुढे गेली. हिस्लॉप बोरी गावची शाळा पाहायला मागे थांबले. संध्याकाळी घोड्यावरून एकटेच निघाले. पावसाने ओढा फुगला होता. त्यात ते बुडाले. सेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

त्यांचा शेवटचा दिवस कसा गेला ते पाहा. सकाळी प्राचीन दगड, दुपारनंतर गावातली मुले. दोन्ही कामे त्यांना एकाच धन्याची वाटत होती.

ईयोबाच्या मित्रांनी केले ते आपण करू नये

ईयोबाचे पुस्तक आपण दुःखाच्या वेळी वाचतो. पण त्याच्या बाराव्या आणि तेराव्या अध्यायात एक बोलणे आहे, ते या विषयासाठी वाचावे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र देवाची बाजू घेऊन ईयोबाला गप्प करू पाहतात. त्यांचे ठरलेले उत्तर तयार आहे, समोरच्या माणसाची हकीकत त्यात बसत नाही, तरी ते उत्तर सोडत नाहीत. ईयोब त्यांना म्हणतो की पशूंना विचारा, पाखरांना विचारा, भूमीशी बोला, समुद्रातल्या माशांनाही विचारा, ते तुम्हाला सांगतील. आणि त्याच बोलण्यात, थोड्या ओळींनंतर, तो त्यांना एक भयंकर प्रश्न टाकतो: देवाच्या वतीने तुम्ही खोटे बोलणार का?

माशांना विचारा, आणि देवासाठी खोटे बोलू नका. या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच दमात सांगितल्या आहेत. पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? त्याची वकिली करणाऱ्या त्या तिघा मित्रांवर. ते माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत, असे तो स्वतः म्हणतो, आणि त्यांच्यासाठी ईयोबालाच प्रार्थना करावी लागते.

पालकहो, आपल्या मुलाने दगडातल्या माशाविषयी विचारले तर त्याला दटावू नका. त्याच्या मनात शंका आहे म्हणून तो विश्वासातून गेला असे समजू नका. शंका विचारायला तो अजून आपल्याकडे येतो आहे, हीच देवाची कृपा. त्याला सांगा, की मासा खरा आहे, तळे खरे होते, वर्षे खरी आहेत, आणि त्या प्रत्येक वर्षाचा धनी आपला बाप आहे. उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून शोधा. उन्हाळ्यात नागपूरला नातेवाइकांकडे जाल तेव्हा मुलांना मध्यवर्ती संग्रहालयात न्या. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात, आणि तो हिस्लॉप गेले त्याच वर्षी, १८६३ मध्ये, सुरू झाला. तिथे दगड झालेले जीव दाखवताना रेव्हरंड हिस्लॉपांची ही गोष्टही सांगा. आणि कोणाच्या शेतात, नाल्यात असा दगड सापडलाच, तर फोडू नका, विकू नका. जागेची नोंद करून जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा.

आपण प्रार्थना करू या:

हे परमेश्वरा, माणूस नव्हता तेव्हाही तू तळ्यातल्या माशांकडे पाहत होतास. त्यांना तू आशीर्वाद दिलास आणि त्यांची आठवण गाळात जपून ठेवलीस. तुझ्या कामाकडे न घाबरता पाहण्याचे धैर्य आम्हाला दे. तुझी बाजू घेण्याच्या नादात आमच्या तोंडून खोटे निघू देऊ नकोस. आमची मुले जे विचारतात ते ऐकण्याइतके आम्हाला नम्र कर. आणि बोरीच्या ओढ्यात निजलेल्या तुझ्या सेवकासारखे आम्हालाही शेवटच्या दिवसापर्यंत कामात ठेव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.